आईच्या हिरड्या, पायोरिया आणि आपलं कोकणातलं खाणंपिणं

सुरंगी | १४ मे, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. सुट्टीत देवगडजवळच्या आमच्या गावी आले आहे. आईचे खालचे पुढचे दात बरेच दिवस हलताहेत, तोंडाला वास येतो. आता तर तिला भाकरीचा तुकडा चावत नाही, आमटीत कुस्करून खाते. तिला घेऊन तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खुणा असलेली एक बारीक सळई प्रत्येक दाताभोवती हिरडीत घालून पाहिली आणि मदतनीस मुलीला आकडे सांगत गेले. तीन, पाच, सहा, सात, सहा. आईला दुखत नव्हतं, पण प्रत्येक आकड्याला ती माझ्याकडे बघत होती. एक्स-रेत दाढांच्या मुळांभोवतीचं हाड बरंच खाली गेलेलं दिसतं. कागदावर 'पेरिओडोंटायटिस (म्हणजे पायोरिया), स्टेज ३, ग्रेड सी' असं लिहून दिलंय.

आई ५८ वर्षांची आहे. मधुमेह आहे, शेवटचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.४. रक्तदाबाची गोळीही चालू आहे. लग्नाच्या आधीपासून मिश्री लावते, सकाळी आणि रात्री झोपताना. दोन्ही वेळा भात, मासे असले तर मासे, नसले तर डाळ. पालेभाजी क्वचित. चहा मोजत नाही.

डॉक्टरांनी चार बैठकांत खोल सफाई करू म्हणून सांगितलं. खाण्यापिण्याबद्दल विचारलं तर 'गोड कमी करा, मिश्री बंद करा' एवढंच म्हणाले, बाहेर रांग होती. मला नीट समजून घ्यायचंय. खाण्याचा आणि सवयींचा या आजाराशी नेमका किती संबंध असतो? आहार सुधारला तर हलणारे दात घट्ट होतात का? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपया लिहा.

कातळसडा | १४ मे, रात्री १०.०५

ताई, आईंना लवकर आराम पडो. मला तरी हा सगळा बदललेल्या खाण्याचा परिणाम वाटतो. आमचे आजोबा राजापूरकडे सड्यावर शेती करायचे. दात घासायला राखुंडी, नाहीतर आंब्याचं पान. ब्रश कधी हातात धरला नाही. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज हेच खाणं. म्हातारपणीसुद्धा ऊस दाताने सोलून खायचे. आता घरोघरी चहाबरोबर खारी, टोस्ट, बिस्किटं.

आणि सफाई जरा जपूनच करा. आमच्या शेजारच्या काकूंनी दात साफ करून घेतले आणि महिन्याभरात ते जास्तच हलायला लागले, फटी पडल्या. नाचणी, कुळीथ, आवळा यावर भर दिला आणि रोज तिळाच्या तेलाची चूळ धरली तर बरंच काम होईल असं माझं मत.

डॉ_वाशिष्ठी | १५ मे, सकाळी ७.१०

मी चिपळूणला गेली अनेक वर्षं हिरड्यांच्याच आजारांवर काम करतो. सुरंगीताई, प्रश्न फार चांगला विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तो कागद. सळईवरचे आकडे मिलिमीटरमध्ये असतात. दात आणि हिरडी यांच्यामधली फट १ ते ३ मिलिमीटर असेल तर ठीक. ४ च्या पुढे पॉकेट म्हणतात, आणि ६-७ म्हणजे तिथे ब्रश पोचतच नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात चार स्टेज आहेत. त्यातली तिसरी म्हणजे आजार गंभीर, पण दात वाचवता येण्याजोगे. ग्रेड म्हणजे आजार किती वेगाने पुढे जाईल त्याचा अंदाज. मधुमेह असून एचबीए१सी ७ किंवा त्याहून जास्त असेल तर ग्रेड थेट सी धरतात. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यालाही सीच. म्हणजे तुमच्या आईंच्या कागदावरचं ते एक अक्षर बहुधा त्यांच्या साखरेनेच ठरवलंय. सवयींचा संबंध किती, याचं अर्धं उत्तर त्या अक्षरातच आहे.

आता आजार होतो कसा ते. दातांवर जंतूंचा मऊ, चिकट थर रोज बसतो. तो हिरडीच्या कडेला साचून राहिला की हिरडी सुजते, रक्त येतं. ही पहिली पायरी, आणि ती पूर्ण मागे फिरवता येते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासायचं थांबवायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. तोच थर लाळेतल्या क्षारांनी घट्ट झाला की कीटण बनतं, मग ते ब्रशने निघत नाही. त्याच्या आडोशाने जंतू मुळाकडे सरकतात. त्यांच्याशी लढताना शरीराची स्वतःची दाहप्रक्रिया दाताभोवतीचं हाड खात जाते. पावसात बुंध्याजवळची माती वाहून गेली की माड जसा डुलायला लागतो, तसा दात हलतो. गेलेलं हाड नाचणीने किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांनी भरून येत नाही, हे मी अगदी स्पष्ट सांगतो.

मग आहार कुठे येतो? थर बसवणारे जंतू प्रत्येकाच्या तोंडात असतात. त्यांना शरीर किती भडकून उत्तर देतं ते रक्तातली साखर, तंबाखू, पोषण, झोप, ताण आणि आनुवंशिकता यांवर ठरतं. आहार या बाजूने काम करतो. मुळावर चिकटलेलं कीटण मात्र खाण्याने निघत नाही, ते हातानेच काढावं लागतं.

कातळसडा, तुमच्या आजोबांचं खोटं नाही. ल्यो यांनीच श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० पुरुष मजुरांना १९७० ते १९८५ अशी १५ वर्षं तपासलं. दात घासायची पद्धत नाही, डॉक्टर नाही, सगळ्यांच्या तोंडात भरपूर कीटण. तरी ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्के हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलेच नाहीत. आजोबा बहुधा त्या ११ टक्क्यांतले. पण आपण कुठल्या गटात आहोत हे आधी कळत नाही, आणि सुरंगीताईंच्या आईंचं कळलेलं आहे.

सफाईने दात हलत नाहीत. हाड आधीच गेलेलं असतं, कीटणाच्या जाड थराने दात एकमेकांना बांधून धरलेले असतात. ते काढलं, सूज उतरली, हिरडी आक्रसली की लपलेली फट दिसू लागते. काही दिवस दात मोकळे वाटतात, थंड लागलं की झिणझिण्या येतात. मग हिरडी घट्ट बसते आणि बऱ्याच दातांचं हलणं कमी होतं. तुमच्या काकूंना हे आधी समजावून सांगायला हवं होतं. न सांगता सफाई केली की माणसं घाबरतात आणि पुढच्या बैठकीला येतच नाहीत, हे मी रोज बघतो.

आबोली | १५ मे, दुपारी २.४५

मी कुडाळच्या बाजूला आशा सेविका आहे. वाडीवर घरोघरी फिरते म्हणून मिश्रीबद्दल लिहिते, कारण मला वाटतं सुरंगीताईंच्या धाग्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

बायका मिश्रीला तंबाखू मानतच नाहीत. 'तंबाखू खाता का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणतात. 'दात कशाने घासता?' म्हटलं की पदराआडून डबी निघते. घरी करतात त्या तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, मग चुरून वस्त्रगाळ करतात. भाजताना सगळ्या घराला ठसका लागतो, पाळण्यातल्या बाळालासुद्धा. घासायला पाच मिनिटं पुरतात, पण ती तोंडात तशीच धरून पाणी भरणं, केर काढणं चालू असतं. दाढेशी, ओठाच्या आत जिथे रोज बोट जातं तिथली हिरडी खाली उतरलेली, मूळ पिवळं उघडं पडलेलं आणि गालाच्या आत पांढरट चट्टा, असं मी कितीतरी जणींच्या तोंडात पाहिलंय. चट्टा दिसला की मी लगेच तपासायला पाठवते, कारण त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होऊ शकतो.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेला तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेतात असं आलं होतं. जवळजवळ दर चौथा माणूस. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्यावर भाषणं होतात, पण मिश्रीबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती बायकांची आणि घरातली.

सुरंगीताई, आईंना रागावू नका. इतक्या वर्षांची सवय आहे, निकोटिनचं व्यसन आहे ते. आणि खूपजणींना मिश्री लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, हे खरंच होतं.

गावकार | १५ मे, संध्याकाळी ६.३०

आबोलीताई, तुमी बरोबर सांगतास. माझ्या घराकारणीन दोनदा सोडून बघल्यान. पोट साफ होणा नाय, डोक्या दुखता, रागान भांडी आपटता. मगे परत सुरू. ह्येच्यार उपाय काय तो सांगा.

आबोली | १५ मे, रात्री ८.५०

दादा, निकोटिन बंद झालं की पहिला आठवडा सगळ्यात कठीण जातो. चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठ, झोप न लागणं. तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. वहिनींना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे चौथ्या दिवशी 'मला हे झेपत नाही' असं वाटणार नाही.

आमच्या इथे ज्यांना जमलं त्यांनी काय केलं ते सांगते. दिवस ठरवून त्या दिवशी घरातली सगळी डबी-पाकिटं बाहेर काढली. सकाळी उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका किंवा पेरू, जेवणात नाचणी आणि एक पालेभाजी. पोटाचा प्रश्न त्याने बराच सुटतो. बोटाची सवय मोडायला साधी पेस्ट आणि मऊ ब्रश. तल्लफ आली की बडीशेप किंवा भाजलेले तीळ. ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा. सोबतीण असली तर फार बरं, दोघी-तिघी जावा मिळून सोडतात तेव्हा टिकतं. १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्ती फोन आहे, पैसे लागत नाहीत, समुपदेशक बोलतात. त्रास फारच झाला तर डॉक्टरांना निकोटिनच्या पट्टीबद्दल विचारा. हलणाऱ्या दातांना च्युइंगगमपेक्षा पट्टी बरी.

आणि घरातल्या पुरुषांनी त्याच दिवशी तंबाखूची पुडी बंद केली तर बाईला जास्त बळ येतं. हे मी तुम्हाला उद्देशून नाही लिहीत दादा, पण लिहिते आहे.

गावकार | १५ मे, रात्री ९.१५

उद्देशून असला तरी चलात. माझी पुडी पण जातली.

मोहर | १६ मे, सकाळी ८.००

सुरंगी, मी रत्नागिरीचा, मलाही मधुमेह आहे आणि हिरड्यांचा आजारही, त्यामुळे तुझ्या आईची अवस्था कळते. साखर आणि हिरड्या यांचा संबंध दोन्हीकडून आहे, आणि तो मला कळला तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येक मधुमेह्याला सांगत असतो. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार दोन ते तीन पट जास्त दिसतो, जखम भरत नाही. उलट हिरड्यांतला सततचा दाह साखर खाली येऊ देत नाही. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा हिरड्यांचे उपचार केलेल्या मधुमेह्यांचं एचबीए१सी तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ ने उतरलं होतं. साखरेच्या दुसऱ्या गोळीने जेवढं उतरेल त्याच्या जवळपास जाणारं हे आहे.

आता चहा. माझ्याकडे मोजला तेव्हा घरात दिवसाला सहा कप व्हायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर. बारा चमचे म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. तेवढी तर दुपारच्या जेवणाआधी चहातच संपते. गूळ घातला तरी हिशेब तोच राहतो. पहिला चहा गोड आणि बाकीचे बिनसाखरेचे, असं ठरवलं की तिसऱ्या आठवड्यापासून गोड चहाच नको वाटतो.

भाताचंही सांगतो. भात सोडायला सांगितला तर कोकणातला माणूस दोन दिवसांत पळून जाईल. मी ताटात आधी भाजी आणि मासा घेतो, मग निम्मा भात, तोही शक्यतो उकडा, आणि रात्री नाचणीची भाकरी. जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटं चालतो. माझी साखर यानेच खाली आली, गोळ्या होत्या तेवढ्याच आहेत.

बंदरवाडी | १६ मे, सकाळी ११.३५

हर्णै बंदराजवळून लिहिते, आमचं घर मासळीवर चालतं. माशाने हिरड्यांना काही फायदा होतो का, ते डॉक्टरांना विचारायचं होतं. आपल्याकडे पाहुणा आला की पापलेट-सुरमई आणि घरच्यांना बांगडा-तारली अशी पद्धत. तारली स्वस्त म्हणून तिला मानच नाही. पण आरोग्याच्या माहितीत सगळीकडे बांगडा आणि तारलीचंच नाव येतं.

शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घराघरांत सुकं, नाहीतर पापड-लोणचं-भात. रक्तदाबवाल्यांनी तेव्हा काय खावं तेही सांगा.

डॉ_वाशिष्ठी | १६ मे, रात्री ९.३०

बंदरवाडी, तारलीला मान द्याच. बांगडा आणि तारली या तेलकट माशांत ओमेगा-३ भरपूर असतं, आणि ते दाह कमी करायला मदत करतं. आठवड्यातून दोन-तीनदा खा, पण कालवणात, किंवा केळीच्या पानात शेकून. रव्यात घोळून तेलात तळला की त्यातला बराच फायदा जातो. जून-जुलैत सुकं बोंबील, सोडे दोन-तीन पाण्यांतून भिजवून मीठ काढून घ्या, आणि कुळीथ, चवळी, वाल, अंडी वाढवा. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी येते, ती रानभाजी रोज एक तरी ताटात असू दे.

आता आहाराबद्दल जे प्रयोग झालेत त्यांतले दोन सांगतो, कारण दोन्ही मला महत्त्वाचे वाटतात. स्वित्झर्लंडमध्ये १० माणसं चार आठवडे अश्मयुगातल्या माणसांसारखी राहिली. ब्रश नाही, साखर नाही, धान्य, कंद, दूध, रानातलं काहीबाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार त्यांच्या दातांवरचा थर वाढला होता, पण सळई लावल्यावर रक्त येणाऱ्या जागा सुमारे ३५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आल्या. म्हणजे साखर पूर्ण बंद असेल तर थर असूनही हिरडी कमी भडकते. दुसरा प्रयोग जर्मनीतला, २०१६ चा, १५ जणांचा. पिष्टमय पदार्थ कमी, ओमेगा-३, क आणि ड जीवनसत्त्व, चोथा जास्त असा आहार चार आठवडे दिला आणि हिरड्यांची सूज जवळपास निम्म्यावर आली, ब्रशच्या पद्धतीत काहीही न बदलता. गट लहान होते आणि त्यांत सात मिलिमीटरचं पॉकेट असलेले रुग्ण नव्हते. म्हणून मी रुग्णांना सांगतो, आहार आजच बदला, पण सफाईची बैठक त्यासाठी पुढे ढकलू नका.

तेलाच्या चुळीचं कातळसडांनी लिहिलं होतं. थर थोडा कमी होतो, करायला हरकत नाही. पॉकेटच्या तळाशी तेल पोचत नाही. राखुंडी आणि कोळसा मात्र नको, खरखरीत असतात, हिरडी सोलतात आणि मुळं झिजवतात.

कातळसडा | १७ मे, सकाळी ९.१०

डॉक्टर, श्रीलंकेची माहिती वाचून विचारात पडलो. काकूंनाही काल दाखवली. त्या परत जायला तयार झाल्या आहेत. एकच राहिलं, क जीवनसत्त्वाचं. आमच्याकडे काजूच्या हंगामात बिया घेतात आणि बोंडं बागेत सडतात. बोंडात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असतं म्हणे. मग आईंना रोज देऊ नये का?

डॉ_वाशिष्ठी | १७ मे, दुपारी १.२०

असतं, खरं आहे. १०० ग्रॅम बोंडात २०० मिलिग्रामच्या आसपास, संत्र्यात ५० च्या आसपास. आपली रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्राम. बोंडाचे काप करून मीठ लावून ठेवले की बोंडाने होणारी घशाची खवखव कमी होते. हंगाम सरला की पेरू आणि आवळा आहेतच.

पण एक फरक ध्यानात ठेवा. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरने सॅलिस्बरी जहाजावरच्या १२ आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, आणि संत्री-लिंबं मिळालेले दोघे सगळ्यांत लवकर बरे झाले. त्या खलाशांच्या हिरड्या सडत होत्या त्या स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने. पायोरिया हा वेगळा आजार. क जीवनसत्त्व कमी पडत असेल तर पायोरिया जास्त बळावतो, तेवढं भरून काढा. गरजेच्या दहापट घेतल्याने सात मिलिमीटरचं पॉकेट भरत नाही. आणि मधुमेह्यांनी बोंडाचा रस गाळून, साखर घालून पिऊ नये. काप चावून खा. कोकमाचं सरबत, सोलकढी किंवा आवळा खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास जाऊ द्या. आंबटाने दाताचा वरचा थर तेवढ्यापुरता मऊ झालेला असतो.

रोठा | १७ मे, रात्री १०.४०

श्रीवर्धनचा आहे. आमच्या बागेत तीन पिढ्यांची सुपारी. श्रीवर्धनी रोठ्याचा, म्हणजे इथल्या सुपारीचा, आम्हाला अभिमान आहे, त्यावर आमची शिक्षणं झाली. पण हा धागा वाचल्यावर गप्प बसवत नाही.

२००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू नसतानासुद्धा, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत टाकलं. माझ्या मोठ्या भावाचं तोंड आता दोन बोटं उघडतं. गालाच्या आत दोऱ्यासारखे घट्ट पट्टे झालेत, तिखटाचा कण सोसत नाही. त्याने तंबाखू आयुष्यात खाल्ली नाही. फक्त सुपारी, दिवसभर गालात. मागे त्याच्या हिरड्या तपासायच्या होत्या तर आरसाच आत जाईना, ब्रश दाढांपर्यंत पोचत नाही, मग तिथे कीटण साचतं, दात जातात. एकातून दुसरं.

पूजेला, लग्नाला सुपारी लागणारच, तिचा मान राहू दे. पण लहान मुलांच्या हातात गोड सुपारीची पाच रुपयांची पुडी देणं आम्ही बागायतदारांनी आधी थांबवायला हवं. माझ्या घरात ती येत नाही. सुरंगीताई, आई जेवणानंतर पान खात असतील तर तेही विचारा. लोक ते सवयीत मोजत नाहीत.

आबोली | १८ मे, सकाळी ७.३०

रोठा, तुम्ही बागायतदार असून हे लिहिलंत, याला किंमत आहे. भावाला वर्षातून दोनदा तरी तोंड तपासायला न्या, दुखत नसलं तरी.

सुरंगी | १९ मे, रात्री ९.५५

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला धागा वाचून दाखवला. मिश्रीचं ऐकताना ती काही बोलली नाही, पण गावकारदादांचं वाचल्यावर म्हणाली, 'माझ्यासारखाच ह्यांच्या घरात पण असा.' काल शेजारच्या काकीला बोलावून घेतलं तिने. दोघी मिळून सोमवारपासून बंद करणार आहेत. पान ती खाते, मी विचारल्यावर कळलं. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

खालच्या उजव्या बाजूची सफाई झाली. भूल देऊन केली, तिला त्रास झाला नाही. डॉक्टरांनी काढलेलं कीटण गॉझवर ठेवून तिला दाखवलं, काळे खडे. ती बराच वेळ बघत होती.

डॉ. वाशिष्ठी, तीन प्रश्न आहेत. रक्तदाबाला ती अमलोडिपिन घेते, त्याचा हिरड्यांशी संबंध असतो असं इथल्या फार्मासिस्टने सांगितलं, ते खरं का? दातांमध्ये आता फटी दिसताहेत, तिथे काय वापरायचं? आणि दोन दात काढावे लागतील म्हणाले, मग सगळेच काढून कवळी बसवलेली बरी, असं मावशी म्हणते.

डॉ_वाशिष्ठी | २० मे, सकाळी ६.५०

अमलोडिपिनने काहीजणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात, विशेषतः थर साचत असेल तर. अपस्माराच्या फेनिटोइननेही हे होतं. आईंच्या हिरड्या खाली उतरलेल्या आहेत की फुगलेल्या, ते तुमच्या डॉक्टरांना बघू द्या. फुगलेल्या असतील तर रक्तदाबाच्या डॉक्टरांना गोळी बदलता येईल का विचारा. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही.

फटींसाठी तारेभोवती केस असलेले छोटे ब्रश मिळतात, इंटरडेंटल ब्रश. फटीत हलकेच, जोर न लावता, पण घट्ट बसेल त्या मापाचा. आईंना बहुधा दोन वेगवेगळी मापं लागतील, पुढच्या दातांना बारीक आणि दाढांना जाड. पुढच्या बैठकीत डॉक्टरांकडूनच मापून घ्या आणि त्यांच्या हातात आरसा देऊन एकदा करून दाखवायला सांगा. रात्री झोपण्याआधी, रोज. पहिले काही दिवस रक्त येईल, म्हणून थांबवू नका, आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतं. मिश्री सोडल्यावर रक्त थोडं जास्त दिसू शकतं. तंबाखूने आकसलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात त्याचं ते लक्षण, घाबरू नका. क्लोरहेक्सिडिनची चूळ दिली असेल तर सांगितली तेवढेच दिवस वापरा, जास्त दिवस वापरली की दात तपकिरी होतात.

सगळे दात काढायला मी सांगणार नाही. कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या तुलनेत फारच कमी येतो, मग माणूस पुन्हा मऊ भात आणि बिस्किटांवर येतो आणि साखर चढते. जे दोन जायचे ते जाऊ द्या, बाकीचे टिकवा.

उरलेल्या तीन बाजू पाऊस लागायच्या आत उरकून घ्या. शेवटच्या बैठकीनंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सगळी पॉकेट मोजायला सांगा आणि आत्ताचा आकड्यांचा कागद तेव्हा सोबत न्या. जिथे ६ च्या वर राहिलं असेल तिथे हिरडी उघडून सफाई करायची का ते ठरेल. नव्या एचबीए१सीचा कागदही त्याच वेळी घेऊन जा. पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी, तुम्ही मुंबईला असलात तर गावातल्या कुणावर तरी ही जबाबदारी सोपवून जा.

आबोली | २० मे, सकाळी ८.१५

सुरंगीताई, तुमच्या वाडीतल्या आशा सेविकेला आईंचं नाव आणि तपासणीचा महिना सांगून ठेवा. ती मधुमेहाच्या तपासणीसाठी घरी येतेच, दातांचीही आठवण करून देईल. आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दातांचा विभाग आहे का बघा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचारांना पैसे लागत नाहीत. शेजारच्या काकींनाही त्याच दिवशी घेऊन जा, त्यांच्या हिरड्या अजून कुणी मोजलेल्या नसतील.